साळीच्या लाह्यांचा अंदाज

कावेरीकाठचे तिरुवैयारु हे तंजावर जिल्ह्यातील भातशेतीच्या प्रदेशात वसलेले आहे. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या लागतात, त्याप्रमाणे तमिळनाडूत कार्तिकै दीपमच्या सणाला गुळाच्या पाकातील लाह्यांचा नैवेद्य असतो. तमिळमध्ये या लाह्यांना ‘नेल् पोरि’ म्हणतात. अशा वेळी साळ किती भाजावी, हा प्रश्न पडतो. लाह्या कमी पडल्यास प्रसाद पुरत नाही. जास्त झाल्यास त्या सादळतात.

याचे उत्तर दाण्याच्या रचनेत आहे. साळीच्या दाण्यात सुमारे एक अष्टमांश पाणी असते. तापलेल्या वाळूत त्याची वाफ होते व तूस तिला क्षणभर कोंडून धरते. दाब वाढताच तूस फाटते आणि मऊ झालेला पिष्टमय भाग फुलून येतो. तूस आधीच तडकलेले असेल, तर वाफ निसटते व दाणा तसाच राहतो. फार सुकलेली साळही फुलत नाही.

फुलताना आकार वाढतो. वजन मात्र घटते. शंभर ग्रॅम साळीत सुमारे वीस ग्रॅम तूस असते व दहाएक ग्रॅम पाणी उडून जाते. म्हणजे सर्व दाणे फुलले तरी लाह्या सुमारे सत्तर ग्रॅमच भरतील. चौथा हिस्सा दाणे गणंग राहिल्यास हा आकडा बावन्न-त्रेपन्नावर येईल.

आकारमानाचा मात्र ठरावीक आकडा नाही. मक्याच्या कठीण सालीत दाब फार वाढतो. तो सुमारे 180 अंश सेल्सिअसला फुटतो आणि चांगल्या जातीचा मका तीस ते चाळीस पट फुलतो. साळीचे तूस इतके घट्ट नसते. म्हणून मक्याचा हिशेब साळीला लावू नये.

खात्रीचा मार्ग एकच. त्याच साळीचे एक लहान माप भाजावे, तूस पाखडावे, गणंग वेचावेत आणि लाह्या त्याच मापाने, न दाबता, मोजाव्यात. समजा, सहा मापे भरली, तर तीस मापांसाठी पाच मापे साळ हवी. मोठ्या घाण्यात आच सर्वत्र सारखी लागत नाही. यासाठी अर्धे माप अधिक घ्यावे.

विकत घेतानाही हे ध्यानी ठेवावे: जास्त फुललेल्या लाह्यांनी माप लवकर भरते, पण त्यात धान्य कमी असते.