पाळीव सर्पाचें भोजन

सर्प दिसला कीं काठी शोधावयाची, ही आपल्याकडील जुनी संवय आहे. परंतु अमेरिका, इंग्लंड इत्यादि देशांत कित्येक घरीं लोक हौसेनें सर्प पाळतात. त्यांत आग्नेय अमेरिकेंत आढळणारा ‘कॉर्न स्नेक’ हा बिनविषारी सर्प विशेष लोकप्रिय आहे. त्यास अन्न कसें देतात, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों. कारण सर्वस्वीं आपल्यावर विसंबून असलेल्या प्राण्याशीं कसें वागावें, हें त्यावरून शिकतां येतें.

प्रथम सर्पाच्या मुखाची रचना पाहूं. त्याचे दांत मागें वळलेले असतात. त्यांनीं भक्ष्य धरतां येतें, चावून बारीक करतां येत नाहीं. खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशीं लवचिक बंधानें जोडलेले असल्यामुळें तो डोक्याहून रुंद भक्ष्यही सबंध गिळतो. तथापि यासही मर्यादा आहे. उंदीर सर्पाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाहून फारसा मोठा नसावा. नाहीं तर तो ओकून पडतो व सर्प क्षीण होतो. पिलांस ५ ते ७ दिवसांनीं, व प्रौढ सर्पास १० ते १४ दिवसांनीं एकदां अन्न पुरतें.

पेटींत जिवंत उंदीर सोडणें हें क्रूरपणाचें आहेच, शिवाय तो उंदीर सर्पासच चावून जखमी करण्याचें भय असतें. म्हणून जाणते लोक मारून गोठविलेले उंदीर आणतात. असा उंदीर शीतकपाटांत पूर्ण वितळूं द्यावा, मग कोमट पाण्यानें उबदार करावा, आणि लांब चिमट्यानें पुढें धरावा. सर्प मुख्यत्वें वासावरून भक्ष्य ओळखतो; हातास उंदराचा वास असला तर तो हातच धरील!

सर्पाचें पचन बाहेरील उष्णतेवर अवलंबून असतें. यास्तव पेटीची एक बाजू सुमारें २८ ते ३० अंश सेल्सिअस व दुसरी त्याहून थंड ठेवावी. लपण्यास जागा व स्वच्छ पाणी सदैव असावें. जेवणानंतर दोन दिवस त्यास हाताळूं नये. कात टाकण्यापूर्वीं त्याचे डोळे दुधाळ होतात व तो बहुधा अन्न नाकारतो. अशा वेळीं बळजबरी करूं नये. शेवटीं साबणानें हात धुवावे, कारण सर्पाच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे रोगजंतु असूं शकतात.

विद्यार्थी मित्रहो, हें वाचून कोणी रानांतील सर्प घरीं आणूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें नाग, धामण, अजगर इत्यादि सर्प पकडून पाळणें हा गुन्हा आहे. नागपंचमीस नागापुढें दुधाची वाटी ठेवणाऱ्याचा हेतु सद्भावाचाच असतो; परंतु दूध हें सर्पाचें अन्न नव्हे. गारुड्यानें कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला नाग मिळेल तो द्रव पितो, व तें दूध त्यास बाधतें. सद्भाव असूनही केवळ अज्ञानामुळें त्या जिवाचे हाल होतात.

ईश्वरानें निर्माण केलेल्या मुक्या प्राण्यास आपली अडचण बोलून दाखवितां येत नाहीं. म्हणून त्यास काय मानवतें हें आधीं शिकावें, आणि मगच दयेचा हात पुढें करावा.