गॅसवाली एअरसॉफ्ट सबमशीनगन: निफाडच्या थंडीत रुसते, मेच्या उन्हात चेकाळते

इन्स्टावर एक रील हमखास दिसते. हेल्मेट, मास्क घातलेला एक गडी दारातून आत शिरतो, हातात आखूड काळी बंदूक, टर्रर्र असा आवाज आणि समोरचा "हिट!" म्हणून हात वर करतो. खाली कमेंट असते, "भावा, ही कुठे मिळते?"

ही असते एअरसॉफ्ट. 6 मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी मारणारी, खऱ्या बंदुकीच्या मापाची खेळातली बंदूक. त्यातही रीलमधली बहुतेक वेळा गॅसवर चालणारी सबमशीनगन असते. एमपी7, एमपी5 किंवा मॅक-11 च्या आकाराची. जपान, तैवान, हाँगकाँगमध्ये हा खेळ मुरलेला आहे. आपल्याकडे पेंटबॉल आणि लेझर टॅग गावोगावी पोहोचले, एअरसॉफ्ट मात्र अजून मोबाइलच्या स्क्रीनवरच जास्त आहे. त्यामुळे बंदूक चांगली की वाईट हे लोक रीलमधल्या आवाजावरून ठरवतात, आणि फसतात तिथेच.

आधी सबमशीनगन म्हणजे काय ते बघू. पिस्तुलाची गोळी वापरणारी, आखूड नळीची, भराभर गोळ्या सोडणारी बंदूक. 26/11 च्या वेळी टीव्हीवर एनएसजी कमांडोंच्या हातात दिसलेली एमपी5 ही त्याच जातीची. पुण्याच्या एआरडीई आणि महूच्या इन्फन्ट्री स्कूलने मिळून बनवलेली, 2021 मध्ये समोर आलेली 9 मिलिमीटरची 'अस्मी' पण याच कामाची. खोल्या, जिने, बोळ अशा जागी लांब रायफल भिंतीला अडते, ही अडत नाही. खेळातही नेमका तोच फायदा आहे. दस्ता मिटवला की एमपी7 साधारण 40 सेंटिमीटरवर येते. दाराच्या डाव्या बाजूने डोकावताना ती डाव्या हातात घेता येते, आणि या खेळात निम्मे लोक बाद होतात ते कोपऱ्यावर.

आता ती चालते कशी? गॅस मॅगझीनमध्येच भरलेला असतो, द्रवरूपात. चाप ओढला की हातोडी व्हॉल्व्हवर आपटते, थोडा गॅस सुटतो. त्यातला काही गोळीला ढकलतो, काही बोल्टला मागे फेकतो. तो धक्का खांद्याला बसतो म्हणून ती खरी वाटते. बॅटरीवर चालणाऱ्या बंदुकीत मोटर, गिअर, स्प्रिंग असतात. तिथे हा धक्का जवळपास नसतो. चाप ओढणं आणि गोळी सुटणं यातलं अंतर गॅसमध्ये कमी जाणवतं, आणि जवळच्या खेळात ही गोष्ट महत्त्वाची आहे.

पण हा गॅस म्हणजे काय? 'ग्रीन गॅस' नावाने विकला जातो तो मुळात प्रोपेन असतो, त्यात थोडं सिलिकॉन तेल. डब्यातल्या द्रवाचा दाब ठरतो तापमानावर. अन् इथे नाशिककरांनी कान टवकारावेत.

निफाडचा पारा हिवाळ्यात 5 अंशांच्या खाली गेल्याची बातमी जवळपास दरवर्षी येते. एप्रिल-मेमध्ये तोच जिल्हा 40 अंशांच्या आसपास असतो. प्रोपेनचा दाब 5 अंशांना हवेच्या दाबापेक्षा साधारण साडेचार बार जास्त असतो. 40 अंशांना तो साडेबारा बारच्या पुढे जातो. बंदूक तीच, गॅस तोच, दाब मात्र जवळजवळ तिप्पट! गोळीचा वेग काही तिप्पट होत नाही, कारण व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो, नळी किती लांब, बोल्ट किती जड यावरही ते ठरतं. तरी फरक पडतोच. थंडीत बोल्ट अर्ध्यात अडकतो, उन्हात गोळी मैदानाच्या मर्यादेबाहेर जाते आणि मॅगझीनचा व्हॉल्व्ह कधीकधी उघडतच नाही, कारण आतला दाब हातोडीला दाद देत नाही.

दुसरी भानगड सलग गोळीबाराची. लग्नाच्या मांडवात मोठी शेगडी तास-दीड तास पेटली की सिलिंडरला घाम फुटतो आणि आचारी तो गरम पाण्याच्या टबात ठेवतो, हे तुम्ही पाहिलं असेल. द्रवाचा गॅस होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. बंदुकीच्या मॅगझीनमध्ये तेच घडतं, फक्त काही सेकंदांत. समजा मॅगझीनमध्ये 40 गोळ्या आहेत आणि सेकंदाला 15 सुटतात. तीन सेकंदांत खेळ खल्लास. शेवटच्या दहा गोळ्या पहिल्या दहापेक्षा मंद असतात. रीलवाला हे दाखवत नाही, तो पहिल्या मॅगझीनलाच कट मारतो.

म्हणून अशी बंदूक पारखायची असेल तर माझ्या मते तिचा वेग सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघावं ते मॅगझीन. गॅस भरून ते रात्रभर ठेवा, सकाळी वजन करा. वजन घटलं तर ओ-रिंगमधून गळती आहे. गॅसवाल्या बंदुकीचं अर्धं दुखणं मॅगझीनमध्येच असतं, आणि एक मॅगझीन बॅटरीवालीच्या तुलनेत महाग पडतं. खेळायला किमान तीन-चार लागतात, तो खर्च बंदुकीच्या किमतीत धरा. नाहीतर हत्ती घेतला आणि अंकुशाला पैसे नाहीत अशी गत होते.

मग क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं यंत्र. एकदा मोजून उपयोग नाही. एकेक करून दहा गोळ्या मारा, आकडे लिहा. मग अर्धं मॅगझीन सलग रिकामं करून पुन्हा दहा मोजा. दोन्ही यादींत जितका कमी फरक, तितकी बंदूक चांगली. हेच सकाळी सातला आणि दुपारी दोनला करून बघा. नाशिकमध्ये एका दिवसात दोन वेगळ्या बंदुका तुमच्या हातात असतील.

वेगापेक्षा ऊर्जेवर लक्ष ठेवायला हवं. 0.20 ग्रॅमची गोळी सेकंदाला 100 मीटरने गेली की ऊर्जा होते बरोबर 1 जूल. वेग 110 झाला तर 1.21 जूल, म्हणजे वेग दहा टक्के वाढला की मार एकवीस टक्के वाढतो. शिवाय गॅसच्या बंदुकीत एक चोरवाट असते. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, तिला गॅसचा रेटा जास्त वेळ मिळतो. समजा 0.20 ग्रॅमने 1 जूल देणाऱ्या बंदुकीतून 0.30 ग्रॅमची गोळी 88 मीटरने निघाली, तर ऊर्जा 1.16 जूल होते. हलक्या गोळीवर तपासणी पास व्हायची आणि खेळात जड गोळी भरायची, असं करणारे महाभाग सगळ्या देशांत आहेत. म्हणून ज्या गोळीने खेळणार तिनेच मोजणी, हा नियम हवा.

मर्यादा किती असावी? जपानने 2006 मध्ये कायदा बदलून 6 मिलिमीटरच्या गोळीसाठी ती 1 जूलच्या किंचित खाली आणली. ब्रिटनमध्ये 2017 पासून सलग गोळ्या मारणाऱ्या एअरसॉफ्टला 1.3 जूल आणि एकेक मारणाऱ्याला 2.5 जूल अशी रेषा आहे. बंद खोल्यांतल्या खेळाला मला जपानी आकडा शहाणपणाचा वाटतो.

कुणी म्हणेल, पेंटबॉलमध्ये तर दहा-अकरा जूल असतात! खरंय. पण पेंटबॉल सव्वासतरा मिलिमीटरचा, मोठ्या जागेवर आदळतो आणि फुटतो. एअरसॉफ्टची गोळी फुटत नाही आणि डोळ्याच्या खोबणीत सहज मावते. पाच फुटांवरून 1 जूल कातडीवर बसला तर लाल वळ उठतो. डोळ्यावर बसला तर कायमची नजर जाऊ शकते. बाइकचा गॉगल, कॉलेजच्या लॅबमधला चष्मा चालणार नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा आणि आघात-चाचणी झालेला गॉगल लागतो, एएनएसआय झेड87.1 सारखा शिक्का असलेला. दात वाचवायला खालचा मास्क वेगळा.

गॅस भरताना अजून एक. प्रोपेन पेटतो आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. बंद हॉलच्या कोपऱ्यात, शेजारी सिगारेट पेटलेली असताना मॅगझीन भरणं म्हणजे आगीशी खेळ. घरच्या सिलिंडरमधून 'जुगाड' करून भरायचा विचारही नको. मेमध्ये डबा गाडीत ठेवून जाऊ नका.

आता मुद्दा कायद्याचा. "20 जूलच्या आत आहे ना, मग लायसन्स लागत नाही," हे वाक्य तुम्हाला प्रत्येक कमेंट बॉक्समध्ये भेटेल. ते अर्धवट आहे. शस्त्र नियम 2016 हवेवर चालणाऱ्या बंदुकांबाबत दोन गोष्टी बघतो: ऊर्जा 20 जूलपर्यंत आणि नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरपर्यंत. छऱ्याची नेहमीची एअरगन त्यात बसते. एअरसॉफ्टची गोळी 6 मिलिमीटरची आहे, हा साधा हिशेब कुणी करत नाही. त्यामुळे विकणाऱ्याचा शब्द प्रमाण मानू नका. नाशिक शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत, ग्रामीणमध्ये असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, शक्यतो लेखी. परदेशी साइटवरून मागवलेलं पार्सल कस्टममध्ये अडकलं तर पैसे गेले ते गेलेच, वर चौकशी मागे लागते.

आणि समजा सगळे कागद चोख आहेत, तरी ती रस्त्यावर काढायची नाही. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला'चे व्हिडिओ राज्यभर फिरले ते आठवतात ना? त्या शहरात एमपी7 हातात घेऊन गंगापूर रोडवर रील बनवायची म्हणजे संकटाला अक्षता देणं. दहा पावलांवरून पोलिसाला ती खरी की खेळातली हे कळत नाही, बघणाऱ्या आजींना तर नाहीच. नळीच्या टोकाला नारिंगी रंग लावला की सुटलो असंही काही जणांना वाटतं. ती अमेरिकेतली रीत, नाशिकच्या हवालदाराने ती मान्य करावी असं काही नाही. बंद पेटीत, मॅगझीन काढून, मैदानापर्यंत न्यायची आणि पेटीतच परत आणायची.

एवढं करूनही घ्यायचीच असेल, तर आधी कुणाची तरी हातात धरून डिसेंबरच्या सकाळी एक मॅगझीन मारून बघा. बहुतेक खोल्यांतल्या खेळात सलग गोळीबाराला मनाईच असते, एकेक गोळी मारावी लागते. तेव्हा ज्या टर्रर्रसाठी जास्तीचे पैसे मोजायचे, तो बटण कधी वापरणार हे स्वतःला विचारून घ्या. वर्षभर सारखी चालणारी हवी असेल तर बॅटरीवाली बरी. धक्का आणि मजा हवी असेल तर गॅसवाली, पण फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांतच ती नीट नांदेल.