पाच पूर्णांक सहा सेकंद

ताशी ७० किलोमीटर वेगाची गाडी ५.६ सेकंदांत सुमारे १०९ मीटर जाते. मार्च २०१८मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीला रस्ता ओलांडणारी महिला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच ‘दिसली’ होती; ओळखता आली नाही. ती सायकल हातात धरून चालत होती. प्रणालीने तिला कधी वाहन ठरवलं, कधी सायकल, कधी ‘इतर’. आणि दर वेळी नाव बदललं की आधीच्या हालचालीची नोंद बाद. मग ती कुठे निघाली आहे, हे कळणार कसं? झेब्रा क्रॉसिंग सोडूनही माणसं रस्ता ओलांडतात, हे प्रोग्राममध्ये धरलेलंच नव्हतं. त्या महिलेचा जीव गेला.

स्वयंचलित गाड्यांच्या क्षेत्रात नोकरी शोधणारी मुलं बायोडेटात आपल्या मॉडेलची ‘अचूकता ९५ टक्के’ असं हौसेने लिहितात. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम टिपत असेल, तर उरलेले ५ टक्के म्हणजे मिनिटाला ९० चुकीच्या फ्रेम. खरी नोकरी या नव्वदांत आहे.

बरंचसं काम डेटाचं, आणि तेही कंटाळवाणं. ‘सिटीस्केप्स’ या रस्त्यांच्या चित्रांच्या प्रसिद्ध संचात बारकाईने रेखलेली ५,००० चित्रं आहेत. एकेका चित्राला सरासरी दीड तास, म्हणजे ७,५०० तास. त्यातले रस्ते बहुतेक जर्मनीचे, आखीव. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने आपल्या रस्त्यांच्या १०,००० चित्रांतल्या गोष्टी ३४ वर्गांत लावल्या, तेव्हा रिक्षा आणि जनावरं तर आलीच, शिवाय डांबराशेजारच्या साइडपट्टीलाही वेगळा वर्ग द्यावा लागला. वेळ पडली तर आपण गाडी तिथेच उतरवतो ना!

चाचणीचं गणित आणखी अवघड. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०१६च्या हिशेबानुसार, स्वयंचलित गाडी प्राणघातक अपघातांत माणसाइतकी तरी सुरक्षित आहे हे रस्त्यावर सिद्ध करायला एकाही मृत्यूविना ४४ कोटी किलोमीटर धावावं लागेल. १०० गाड्या अहोरात्र पळवल्या तरी साडेबारा वर्षं. म्हणून सिम्युलेशन जाणणाऱ्यांना मागणी.

पैशाची हमी मात्र धरू नका. स्वयंचलित गाड्यांवर काम करणारी आर्गो एआय ही कंपनी २०२२मध्ये बंद पडली. १,००० कोटी डॉलरहून जास्त ओतून जनरल मोटर्सने २०२४मध्ये आपल्या क्रूझ कंपनीच्या रोबोटॅक्सीतून, म्हणजे चालकाविना धावणाऱ्या टॅक्सीतून, हात काढला. चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणांचं काम त्यापेक्षा भरवशाचं. पुण्यात केपीआयटीसारख्या कंपन्या वाहनांच्या सॉफ्टवेअरवरच उभ्या आहेत. मुलाखतीला जाताना अचूकतेचा आकडा न्याच, पण मॉडेल कुठे चुकलं आणि का, याची यादी आधी पुढे ठेवा.