दक्षिण इटलीतील ग्रीक नाणी: संग्रह, पाठ आणि संदर्भ

नाण्यांचा संग्रह हा सामान्यतः हौसेचा किंवा फार तर इतिहासाच्या साधनांचा विषय मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे का वळावे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. नाणे हा चित्र आणि अक्षर यांच्या संयोगातून सिद्ध झालेला, अनेक प्रतींत उपलब्ध असलेला आणि भाषांच्या सीमा ओलांडून वावरणारा एक अल्पाक्षरी पाठ आहे, हे त्याचे उत्तर होय. दक्षिण इटलीतील ग्रीक वसाहतींच्या नाण्यांच्या आधारे हे विधान तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इ.स.पू. ८व्या शतकापासून ग्रीकांनी दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावर सिबारिस, क्रोटोन, मेटापोंटम, तारास इत्यादी नगरे वसविली. या प्रदेशास पुढे 'मॅग्ना ग्रेशिया', म्हणजे 'थोरला ग्रीस', हे नाव मिळाले. इ.स.पू. ६व्या शतकाच्या उत्तरार्धात येथील काही नगरांनी चांदीची जी नाणी पाडली, त्यांची घडण अन्यत्र आढळत नाही. पुरोभागावर जे चिन्ह उठावाचे असते, तेच पृष्ठभागावर खोलगट कोरलेले असते. सिबारिसचा मागे वळून पाहणारा बैल, मेटापोंटमची जवाची ओंबी, क्रोटोनची तिपाई आणि पोसेइडोनियाचा त्रिशूळधारी समुद्रदेव ही त्यांतील प्रमुख चिन्हे होत. सिबारिस, क्रोटोन व मेटापोंटम यांच्या मुख्य नाण्याचे वजन सुमारे ८ ग्रॅम असे. आरंभीची नाणी पातळ व रुंद आहेत, तर नंतरची जाड व लहान होत गेली आहेत.

या विलक्षण घडणीचा कर्ता कोण? तत्त्वज्ञ पायथागोरस क्रोटोन येथे येऊन राहिला होता. त्याचा पिता रत्नांवर कोरीवकाम करणारा होता, अशी एक परंपरा आहे आणि विरुद्धांच्या जोड्यांचा विचार त्याच्या संप्रदायाशी निगडित आहे. या तीन गोष्टींची सांगड घालून ही नाणी त्याच्याच प्रतिभेतून निर्माण झाली, असे मत मांडले गेले. २०व्या शतकात चार्ल्स सेल्टमन यांनी त्याचा पुरस्कार केला. तथापि पायथागोरस इटलीत आला तो इ.स.पू. ५३०च्या सुमारास, आणि ही नाणी त्यापूर्वीच पाडली जाऊ लागली होती, असे आज सामान्यतः मानले जाते. अनामिक परंपरेतील निर्मिती एखाद्या थोर नावाशी जोडण्याची ही प्रवृत्ती साहित्याच्या इतिहासकारास अपरिचित नाही. येथे तिचे खंडन झाले ते मात्र काव्यगुणांच्या चर्चेने नव्हे, तर वस्तूंच्या कालक्रमाने.

या नाण्यांवरील मुद्रालेख दोन-तीन अक्षरांचेच असतात. परंतु ती अक्षरे बोलकी आहेत. क्रोटोनचे नाव 'काप्पा'ने नव्हे, तर पुढे लोप पावलेल्या 'कोप्पा' या अक्षराने आरंभ होते. सिबारिसच्या नावात 'सिग्मा'च्या जागी 'सान' हे प्राचीन अक्षर येते. सिबारिसचा विध्वंस क्रोटोनने इ.स.पू. ५१०मध्ये केला. त्यामुळे त्या नगराची ही नाणी, आणि पर्यायाने तेथील लिपीचे हे रूप, त्या वर्षापूर्वीचे ठरते. हस्तलिखितांच्या बाबतीत इतका निश्चित आधार क्वचितच लाभतो.

तारासच्या नाण्यांवरील चित्र तर थेट कथेच्या क्षेत्रात नेते. डॉल्फिनवर आरूढ झालेला पुरुष हे त्या नगराचे चिन्ह. तो पोसेइडनचा पुत्र तारास होय, असे अॅरिस्टॉटलने म्हटल्याचे पोलक्स नमूद करतो. उलट पौसानियस डॉल्फिनने वाचविल्याची कथा सांगतो ती नगराचा संस्थापक फालांथस याच्याविषयी. हिरोडोटसच्या इतिहासातील गायक आरिओन याच तारासहून जहाजाने निघाला आणि त्यालाही डॉल्फिननेच किनाऱ्यावर पोहोचविले. एक प्रतिमा आणि तीन कथा असा हा प्रकार आहे. कथेवरून चित्र घडले की चित्राच्या स्पष्टीकरणासाठी कथा जोडली गेली, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाचाच आहे.

संग्राहकाचे काम या संदर्भात पाठसंपादकाच्या कामाशी समांतर ठरते. नाणे पाडताना ऐरणीत बसविलेला पुरोभागाचा ठसा अधिक काळ टिके. हातोड्याचा घाव थेट सोसणारा पृष्ठभागाचा ठसा लवकर झिजे. म्हणून एकाच पुरोभागाशी निरनिराळे पृष्ठभाग जोडलेले आढळतात. ठशावर पडलेली भेग वाढत कशी गेली, हे पाहून त्या नाण्यांचा क्रम लावता येतो. प्रतींतील समान चुकांवरून त्यांची वंशावळ ठरविण्याची पाठचिकित्सेची पद्धत हीच नव्हे काय? मेटापोंटमची काही नाणी कोरिंथच्या नाण्यांवरच पुन्हा ठसा उमटवून पाडलेली आहेत. पुसून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्राप्रमाणे त्यांत जुना पाठ अंधुकपणे दिसत राहतो. व्लास्टो यांच्या तारास-संग्रहाची ऑस्कर रावेल यांनी केलेली आणि १९४७मध्ये प्रसिद्ध झालेली सूची आजही वापरली जाते, ती संग्रह हा अभ्यासाचे साधन झाल्यामुळेच.

परंतु येथेच एक गंभीर अडचण उभी राहते. नाणे कोणत्या भूमीत, कोणत्या थरात आणि कोणत्या इतर नाण्यांसह सापडले, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. चोरट्या उत्खननातून बाजारात आलेल्या नाण्याचे चित्र व अक्षर शाबूत राहते. संदर्भ मात्र कायमचा नष्ट होतो आणि तो कोणत्याही संपादकीय कौशल्याने परत मिळविता येत नाही. १९७०च्या युनेस्को करारानंतर या प्रश्नाची जाणीव वाढली. इटलीच्या २००४च्या सांस्कृतिक वारसा संहितेनुसार भूमीत सापडलेल्या पुरावस्तू राज्याच्या मालकीच्या आहेत. अमेरिकेने इटलीशी केलेल्या करारातील आयात-निर्बंध २०११मध्ये विशिष्ट प्रकारच्या प्राचीन नाण्यांनाही लागू केले. म्हणून नाण्याच्या पूर्वस्वामित्वाची लेखी परंपरा तपासणे हे संग्राहकाचे पहिले कर्तव्य ठरते. बनावट नाण्यांपासून संरक्षण हा त्याचा केवळ आनुषंगिक लाभ होय.

शेवटी एका शब्दप्रवासाचा निर्देश करणे उचित होईल. तारासच्या नाण्याचे 'नोम्मोस' हे नाव आणि लॅटिनमधील 'नुम्मुस' यांचा निकटचा संबंध मानला जातो. ग्रीक, ऑस्कन व लॅटिन या तीन भाषांमुळे आपणास तीन हृदये आहेत असे म्हणणारा कवी एन्नियस याच परिसरातला होता. पूर्वेकडे, ग्रीक 'द्राख्मे' संस्कृतात 'द्रम्म' झाला, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत तो अवतरला आणि आपल्या बोलण्यात 'दाम' म्हणून रुळला. नाणी वितळली, तरी शब्द चलनात राहिले. जी नाणी उरली आहेत, त्यांचा संदर्भ राखणे ही साहित्याच्या अभ्यासकाचीही जबाबदारी आहे, कारण संदर्भ गमावलेला पाठ वाचता येतो, पण त्याची साक्ष काढता येत नाही.