विश्लेषण : दुचाकीचे शॉकअप ‘टाइट’ केल्याने नेमके काय होते?

पावसाळ्यात रस्त्यांची चाळण झाली की गॅरेजमध्ये एक मागणी हमखास ऐकू येते, ‘मागचे शॉकअप जरा टाइट करून द्या.’ मेकॅनिक पाना लावतो, रिंग दोन खाचा पुढे सरकवतो आणि काम संपते. काही दिवसांनी तोच ग्राहक सांगतो, कंबर आधीपेक्षा जास्त दुखते. यात मेकॅनिकचा दोष नसतो. ती रिंग काय बदलते, याविषयीचा समजच चुकीचा असतो.

रिंग फिरवल्यावर काय होते?

हीरो स्प्लेंडरसारख्या रोजच्या वापरातील अनेक दुचाकींच्या मागच्या शॉकअपवर पाच टप्प्यांची रिंग असते. ती फिरवली की गाडीवर कोणी बसण्याआधीच स्प्रिंग थोडी जास्त दाबून ठेवली जाते. याला ‘प्रीलोड’ म्हणतात. स्प्रिंगचा ताठपणा त्याने बदलत नाही. अकरावीतला हूकचा नियम आठवा : २० किलो वजनाने १० मिलिमीटर दबणारी स्प्रिंग एकदा दबू लागली, की रिंग कोणत्याही खाचेवर असो, पुढच्या २० किलोंना १० मिलिमीटरच दबते. फरक इतकाच, की दबायला सुरुवात होण्यासाठी जास्त वजन लागते आणि गाडीची मागची बाजू उंच राहते. काही स्प्रिंगचे वेढे एका टोकाला दाट असतात, तिथे ताठपणात थोडा बदल होतो. मात्र रिंगचे मुख्य काम उंची राखणे हेच.

मग कंबर का दुखते?

चाकाला उंचवट्यावर वर जावे लागते, तसेच खड्ड्यात खालीही उतरावे लागते. चालक बसल्यावर गाडी जेवढी दबते, तेवढीच चाकाला खाली जायला जागा मिळते. एकट्याने फिरणाऱ्या सडपातळ चालकाने रिंग शेवटच्या खाचेवर ठेवली, तर शॉकअप जवळपास पूर्ण उघडाच राहतो. खड्ड्यावर चाक क्षणभर अधांतरी राहून पकड सुटते आणि लहान धक्के स्प्रिंग न दबता थेट सीटपर्यंत पोहोचतात.

उलट चूक जास्त धोक्याची आहे. रिंग पहिल्या खाचेवर आणि गाडी डबलसीट, वर मांडीवर पिशव्या. गतिरोधकावर शॉकअप पूर्ण दबून तळाला आपटतो आणि मागे बसलेली व्यक्ती सीटवरून उसळते. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेल्या महिलेला अशा वेळी धरायलाही फारसे काही नसते. शिवाय मागची बाजू खाली बसल्याने हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

योग्य खाच कशी शोधायची?

आधी टायरमधील हवा कंपनीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे भरा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवा. चाकाच्या आसापासून सरळ वर सीटखाली खडूची खूण करून अंतर मोजा. आता गाडी सपाट जागी स्टँडवरून उतरवा, हेल्मेटसह नेहमीसारखे बसा, एकाला हँडल धरायला सांगा आणि दुसऱ्याकडून तेच अंतर पुन्हा मोजून घ्या. दोन्ही मापांतील फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश असावा. म्हणजे हालचाल १०० मिलिमीटर असेल, तर २५ ते ३३ मिलिमीटर. फरक जास्त आला तर रिंग एक खाच वाढवा, कमी आला तर उतरवा.

दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे खाच एकच हवी. घाईत हे अनेकदा राहून जाते. गावी जाताना डबलसीट असाल तर खाच वाढवावी आणि परतल्यावर पुन्हा उतरवावी. हे दुसरे काम कोणीच करत नाही!

पुढच्या शॉकअपचे काय?

साध्या दुचाकींना पुढे अशी रिंग नसते. तिथे सारी मदार आतल्या ऑइलवर, आणि ते कालांतराने पातळ होते, गढूळ होते. पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात खाली दाबा व सोडा. पुढची बाजू एकदा वर येऊन स्थिर झाली पाहिजे. खालीवर डोलत राहिली तर ऑइल बदलायची वेळ झाली आहे. चकचकीत नळीवर तेलाचे वर्तुळ दिसले तर ऑइल सील गेले समजा. हे काम पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलू नये, कारण ओघळलेले तेल खाली डिस्क ब्रेकवर पोहोचू शकते.