पहिले २८ दिवस

या व्याख्यानासाठी मी गर्भवतीच्या आहाराचा विषय निवडला, तेव्हा ‘हा तर प्रसूतिगृहातला विषय’ असे काही स्नेह्यांनी सुचविले. मला तसे वाटत नाही. गर्भाच्या मेंदूच्या घडणीतील एक निर्णायक टप्पा स्त्रीने प्रसूतिगृहाची पायरी चढण्यापूर्वीच उलटून गेलेला असतो. म्हणून तो शाळेच्या सभागृहातच सांगावयास हवा.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीकडील पेशींचा एक पट्टा दोन्ही कडांनी वर उचलला जातो. कडा एकमेकींना मिळतात आणि नळी तयार होते. तिच्यातूनच पुढे मेंदू व मज्जारज्जू घडतात. सुमारे २८व्या दिवसापर्यंत ही नळी मिटते. वरचे टोक उघडे राहिले तर मूल जगत नाही. खालचे राहिले तर पाय अधू होण्याचा संभव असतो. त्या दिवशी मातेची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आपले डोहाळजेवण मात्र सातव्या महिन्यात!

पेशींच्या या घाईच्या विभाजनाला फोलेट हे ब-गटातील जीवनसत्त्व लागते. त्याच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ल्युसी विल्स या इंग्रज विदुषीने तेथील गरीब गर्भवतींच्या पंडुरोगाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे १९३१ साली प्रसिद्ध केले. पुढे १९४१ मध्ये हे द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले. ‘फोलिक’ हे नावही पानावरूनच पडले. १९९१ साली ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदेच्या चाचणीने शेवटचा संशय फेडला. पूर्वी असे सदोष मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक आम्ल दिल्यावर हा दोष ७२ टक्क्यांनी घटला.

हिरव्या पालेभाज्या, डाळी, कडधान्ये यांत फोलेट असते. परंतु भाजी फार शिजवून पाणी ओतून दिले की बरेचसे वाया जाते. म्हणून गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. आधी असे मूल झाले असेल, तर मात्रा बरीच मोठी लागते. ती वैद्यांनीच ठरवावी.

मात्र एकट्या फोलेटवर भागत नाही. पुण्याजवळील खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात बहुसंख्य गर्भवतींत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ज्यांच्यात ते फारच कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी अवधान व तात्कालिक स्मृतीच्या कसोट्यांत मागे पडली. ब-१२ पालेभाजीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. शाकाहारी घरांत दुधाचा पेला सुनेच्या वाट्याला शेवटी येतो, हे आपण सारे जाणतो.