विश्लेषण : गिअरबॉक्सचे ‘लाइफटाइम’ ऑइल म्हणजे नेमके किती वर्षांचे?

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूर गाठायचे तर साधारण १४० किलोमीटर. या रस्त्यावर क्लच दाबून दाबून पाय दुखलेले अनेक जण आता ऑटोमॅटिक गाडी घेतात. एमएच २६ आणि एमएच २४ च्या नव्या गाड्या आहेतच, शिवाय पुण्या-मुंबईत वापरून झालेल्या जुन्या गाड्याही इकडे येतात. इंजिन ऑइल ठरल्या वेळी बदलले जाते. गिअरबॉक्सच्या ऑइलला मात्र ‘ते लाइफटाइम आहे, हात लावू नका’ असे सांगून सोडून दिले जाते. ते वेळेत बदलण्याचा खर्च काही हजारांचा. गिअरबॉक्सच बसला तर बिल लाखाच्या घरात जाते.

हे ऑइल नेमके काय करते?

मॅन्युअल गाडीत गिअर ऑइलचे मुख्य काम दातेरी चाकांना वंगण देण्याचे. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेण्याचे काम हेच ऑइल करते. गिअर बदलण्यासाठी लागणारा दाब त्याचाच, आतल्या क्लच प्लेटांची पकड त्याच्यावर अवलंबून आणि आतली उष्णता बाहेर नेणारेही तेच. नेहमीच्या वापरात ते ८०-९० अंशांपर्यंत तापते. त्याहून दर दहा अंश वाढले की ऑइलचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ढोबळ हिशेब आहे. प्लेटांचा झिजलेला भुसा फिल्टरमध्ये अडकतो, धातूची भुकटी खालच्या चेंबरमधल्या चुंबकाला चिकटते. फिल्टर तुंबला की पंपाला ऑइल कमी मिळते, दाब घसरतो आणि प्लेटा घसरू लागतात.

मग ‘लाइफटाइम’चा अर्थ काय?

अनेक कंपन्या ऑइल बदलण्याची मुदतच छापत नाहीत, म्हणून हा समज पसरला. पण अनेक महागड्या गाड्यांना आठ-गिअरचा गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलण्याची शिफारस करते. त्या गिअरबॉक्सचा फिल्टर प्लास्टिकच्या चेंबरमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे अख्खे चेंबर बदलावे लागते. ज्याने गिअरबॉक्स बनवला तोच मुदत सांगत असेल तर काउंटरवरचे ‘आयुष्यभर’ किती मानायचे, हे उघड आहे.

मराठवाड्यात मुदत आधी का येते?

बहुतेक मॅन्युअलमध्ये देखभालीचे दोन तक्ते असतात : एक सामान्य वापराचा, दुसरा खडतर वापराचा. धुळीचे रस्ते, जवळ-जवळच्या फेऱ्या, चढ आणि उन्हाळ्यातली गर्दी हे सगळे दुसऱ्या तक्त्यात मोडते. काही मॅन्युअलमध्ये गर्दीसाठी ३२ अंशांची मर्यादा दिलेली आहे. नांदेडमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. लातूरच्या गंजगोलाईत, जिथे सोळा रस्ते एकत्र येतात, संध्याकाळी गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. म्हणजे इथला ‘सामान्य’ वापर कागदावर खडतरच. झेडएफची शिफारस नसलेल्या टॉर्क कन्व्हर्टर गाडीतही ६० ते ८० हजार किलोमीटरला ऑइल बदलणे शहाणपणाचे.

सगळ्या ऑटोमॅटिकला एकच नियम?

नाही, आणि फसवणूक इथेच होते. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरियोपासून देशात रुळलेली एएमटी ही मुळात मॅन्युअलच. क्लच आणि गिअर यंत्र हलवते एवढेच. तिला साधे गिअर ऑइल लागते. तिच्या बिलात ‘ऑटोमॅटिकचा फिल्टर’ दिसला तर तो कुठे बसवला, हे जरूर विचारावे. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींवर फिरतो. तिचे ऑइल वेगळे. त्यात साधे एटीएफ ओतले तर पट्टा घसरून खराब होतो. सीव्हीटीचे ऑइल हिरवटही असते, तेव्हा ‘लाल नाही म्हणजे खराब’ हा निकष तिथे चालत नाही. डीसीटीत क्लच ओला की कोरडा यावर मुदत ठरते.

महाग ऑइल म्हणजे चांगले ऑइल असेही नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनला सात-गिअरच्या डीएसजी गाड्या जगभरातून परत बोलवाव्या लागल्या. उष्ण आणि दमट हवेत सिंथेटिक ऑइलमुळे गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक भागात बिघाड होऊ शकत होता. कंपनीने त्यात साधे खनिज ऑइल भरून दिले.

बदलल्यावरच गिअरबॉक्स गेला, असे का ऐकू येते?

बहुतेकदा ऑइल बदलायची आठवण होते ती त्रास सुरू झाल्यावर. ‘डी’ला टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून झटक्याने निघते किंवा आरपीएम चढतो आणि वेग वाढत नाही, तोवर प्लेटा झिजलेल्या असतात. नवे ऑइल त्यांना भरून काढत नाही, पण दोष त्याच्यावर येतो. जुन्या गाडीत मशीनने दाब देऊन केलेल्या फ्लशपेक्षा साधा ड्रेन बरा. त्यात निम्मेच ऑइल निघते, उरलेले कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदलावे. काही रचनांमध्ये फिल्टर आत असतो आणि गिअरबॉक्स उघडल्याशिवाय निघत नाही. तिथे फक्त ऑइलवर भागवावे लागते.

ऑइलची पातळी बघणे हेच खरे कौशल्याचे काम. अनेक गाड्यांना डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला असताना बोल्ट उघडून पातळी बघतात. टोयोटाच्या अनेक गाड्यांत हे तापमान ४० अंशांच्या आसपास, ह्युंदाईच्या सहा-गिअरमध्ये ५० ते ६०. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये गाडीच ४० च्या वर असते. तेव्हा असे काम सकाळी लवकर आणि स्कॅनरवर तापमान बघणाऱ्या गॅरेजमध्येच द्यावे.

पुरात उभी राहिलेली गाडी हा वेगळाच प्रश्न. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात गावेच्या गावे पाण्याखाली गेली. अशा वेळी ब्रीदरमधून गिअरबॉक्समध्ये पाणी शिरते आणि लाल ऑइल दुधाळ गुलाबी दिसू लागते. पाण्याने क्लच प्लेटांचा थर सुटतो, म्हणून ऑइल तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत नेण्याचा मोहही टाळावा. इंजिन बंद असले की गिअरबॉक्सचा पंप बंद असतो आणि चाके फिरत असताना आत कोरडे घर्षण होते. गाडी उचलून नेणारी व्हॅनच बोलवावी, तोवर चिखलात उभी राहिली तरी चालेल.